टोरांटो: गाडलेल्या गॅरिसन ओढ्याच्या काठाने चालफेरी आणि जुन्या घराचा इतिहास

केतकी_टो (धागाकर्ती)

ऑगस्टमध्ये मंडळाची एक चालफेरी ठरते आहे. वीसेक माणसं असतील. त्यात दहा-बारा वर्षांची मुलं आहेत आणि उन्हाळ्यापुरते इकडे आलेले आई-वडीलही. ख्रिस्टी पिट्सपासून फोर्ट यॉर्कपर्यंत, गाडून टाकलेल्या गॅरिसन ओढ्याच्या मार्गाने जायचं असा विचार आहे. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

१. वाटेत डोळ्यांना दिसेल असं काय आहे? नुसतं "इथून पूर्वी ओढा वाहायचा" म्हटलं की मुलं पाचव्या मिनिटाला कंटाळतात.

२. त्या भागातली काही घरं चक्क कललेली आहेत. ती ओढ्यामुळेच कलली असं सगळे सांगतात. खरं आहे का?

३. मंडळातलं एक कुटुंब शॉ स्ट्रीटच्या आसपास जुनं घर घेतंय. घर कधी बांधलं आणि त्याखाली भराव आहे का, हे कागदोपत्री कसं शोधायचं?

---

नकाशेबुवा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं इतर लिहितीलच.

आधी मुलांना दोन वाक्यांत कारण सांगा. १८८० च्या दशकापर्यंत या ओढ्यात दोन्ही काठांवरच्या घरांचं सांडपाणी सोडलं जात होतं. घाण वास आणि रोगराईची भीती यावर शहराने काढलेला तोडगा म्हणजे ओढा विटांच्या भुयारी गटारात घालायचा आणि वरची घळ हळूहळू भरून काढायची. ओढा गटारात गेला तरी घळ लगेच भरली नाही. ती भरायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली, म्हणूनच आज तिचे तुकडे दिसतात.

सुरुवात ख्रिस्टी सबवे स्टेशनपासून करा. समोरचा खोलगट बागेचा भाग निव्वळ ओढ्याने कोरलेला नाही, तिथे वाळू-खडीची खाण होती. पिट्स हे नाव त्या खाणीचं. बागेचं अधिकृत नाव कित्येक वर्षं विलोवेल पार्क होतं आणि लोकांच्या तोंडी मात्र ख्रिस्टी पिट्स. शेवटी १९८३ मध्ये शहराने लोकांचंच नाव स्वीकारलं. उतार तीव्र आहे. ज्येष्ठांना खाली उतरवू नका, ब्लोर स्ट्रीटच्या बाजूने वरूनच दाखवा.

ब्लोर ओलांडून दक्षिणेला बिकफर्ड पार्क. बाग रस्त्यापेक्षा खाली आहे आणि दोन्ही बाजूंची घरं वर. हीच घळ. बागेच्या दक्षिण टोकाला हार्बर्ड स्ट्रीटवर काँक्रीटचा जुना कठडा दिसेल. सपाट रस्त्याला पुलाचा कठडा कशाला, हे मुलांनाच विचारा. उत्तर पायाखाली आहे: पूल तिथेच आहे, त्याखालची घळ भरली.

हार्बर्डच्या खाली ओढ्याचा मार्ग घरांखालून जातो. दाखवण्यासारखं फारसं नाही. क्रॉफर्ड स्ट्रीटने झपाझप डंडासपर्यंत या.

डंडासच्या दक्षिणेला, ट्रिनिटी बेलवुड्स उद्यानाच्या उत्तर भागात क्रॉफर्ड स्ट्रीटचा पूल आहे, आणि चालफेरीतली सगळ्यात मोठी गंमत हीच. १९१४-१५ मध्ये बांधलेला तीन कमानींचा काँक्रीटचा पूल. १९६० च्या दशकात ब्लोर-डॅनफर्थ सबवेचं खोदकाम सुरू होतं आणि निघालेली माती टाकायला जागा हवी होती. ती इथल्या घळीत टाकली आणि पूल कमानींसकट गाडला. पाडायला खर्च येतो, गाडायला माती फुकट मिळत होती. आज तुम्ही पुलावर उभे राहता आणि पूल दिसत नाही. "खाली भुयार आहे, आत जाता येतं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कमानींखाली माती भरलेली आहे.

त्याच उद्यानात कुत्री मोकळी सोडतात तो खोल वाडगा म्हणजे न भरलेला तुकडा. वरच्या कडेला उभं राहून खाली बघितलं की मूळ घळ किती खोल असेल याचा अंदाज येतो. पावसानंतर तिथे चिखल असतो, कडेनेच जा.

उद्यानाच्या दक्षिण टोकाला, क्वीन आणि स्ट्रॅकनच्या नाक्यावर दगडी फाटक आहे. ते उद्यानाचं नाही, ट्रिनिटी कॉलेजचं. कॉलेज १९२५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या आवारात गेलं, जुनी इमारत १९५६ मध्ये पाडली, फाटक राहिलं.

क्वीनच्या खाली ओढा पूर्वेकडे वळतो. नायगरा स्ट्रीट आजूबाजूच्या चौकोनी रस्त्यांना न जुमानता तिरका जातो तो ओढ्याच्या काठामुळे. शेवटी गॅरिसन क्रॉसिंगचे पादचारी पूल, २०१९ मध्ये खुले झालेले. ते रेल्वेमार्ग ओलांडून थेट किल्ल्याकडे उतरवतात. नाहीतर स्ट्रॅकनने गाड्यांच्या गोंगाटातून जावं लागतं.

फोर्ट यॉर्कला एकच मुद्दा ठसवा: किल्ला इथे का? १७९३ मध्ये इथल्या ब्रिटिश वसाहतीचा लेफ्टनंट गव्हर्नर सिमको याने जागा निवडली तेव्हा किल्ल्याच्या एका अंगाला ओढ्याचं मुख होतं आणि दुसऱ्या अंगाला सरोवर. बंदरात शिरायची वाट तेव्हा पश्चिमेकडूनच होती, कारण आजची बेटं १८५८ च्या वादळापर्यंत पूर्वेकडे जमिनीला जोडलेली होती. म्हणजे तोफा त्या एकाच तोंडावर रोखल्या की काम भागत होतं. आज किल्ल्यासमोर पाणीच नाही, कारण १८५० च्या दशकात रेल्वे आल्यापासून किनारा भराव टाकत टाकत पुढे सरकवला गेला. २७ एप्रिल १८१३ ला अमेरिकन फौज आली, माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी दारूकोठार उडवलं आणि त्या स्फोटात अमेरिकन सेनानी झेब्युलन पाइक मेला. मुलांना हे आवडेल, पण ते शेवटी ठेवा.

अंतर वळणांसकट साडेचार किलोमीटरच्या आसपास. थांबत गेलात तर तीन तास धरा. ज्येष्ठांना ट्रिनिटी बेलवुड्सला थांबवता येईल. क्वीन स्ट्रीटची ट्राम तिथूनच मिळते.

---

पाया_पक्का

प्रश्न २. "ओढ्यामुळेच" यातला "च" काढा.

भराव कशाचा होता ते आधी पाहू. घळी भरताना आजच्यासारखी थरावर थर दाबलेली माती नव्हती. शेगड्यांची राख, घरचा कचरा, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, मोकळी माती, जे मिळेल ते. त्यातला कुजणारा भाग कुजतो, मोकळा भाग दबतो, आणि जमीन वर्षानुवर्षं खाली बसत राहते. अख्खं घर भरावावर असेल तर ते बऱ्यापैकी सारखं बसतं आणि फारसं कळतही नाही. खरा त्रास घळीच्या कडेवरच्या घराला. त्याचा एक कोपरा मूळ घट्ट जमिनीवर, दुसरा भरावावर. एक बाजू स्थिर, दुसरी बसते, म्हणून घर कलतं. बिकफर्ड पार्कच्या आजूबाजूला दिसतात ती कललेली घरं बहुधा अशीच.

पण कलण्याची याच भागात दिसणारी दुसरी कारणंही आहेत. टोरांटोत थंडीत जमीन जिथवर गोठते ती खोली पाया काढताना १.२ मीटर धरतात. जुन्या ओसऱ्यांचे आणि मागच्या वाढीव खोल्यांचे पाये इतके खोल नसतात. त्यांच्याखालची माती गोठून फुगते, वितळून खचते, आणि ओसरी मुख्य घरापासून सुटते. छपराच्या पाण्याचा नळ भिंतीच्या बुंध्याशी सोडला असेल तर तो एकच कोपरा सतत भिजतो आणि खचतो. शेजाऱ्याने बेसमेंट खोल केलं असेल तर त्याचाही परिणाम जोडघराच्या मधल्या भिंतीवर होतो. आणि कुणी आतली भार घेणारी भिंत काढली असेल तर मजला मध्येच झुकतो. त्यात ओढ्याचा काय दोष?

घर पाहायला जाताना:

विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी वर चढत जाणारी भेग म्हणजे पाया असमान बसल्याची खूण. ती जुनी की चालू, हे जास्त महत्त्वाचं. भेगेत पूर्वी भरलेला चुना किंवा सिमेंट पुन्हा फाटलं असेल तर हालचाल चालू आहे. मजला तिरका पण दारं-खिडक्या त्याच तिरकेपणात नीट बसवलेल्या, भेगा कुठेच नाहीत, असं असेल तर घर केव्हाच बसून स्थिरावलेलं असण्याची शक्यता जास्त. नुकतंच रंगवलेलं बेसमेंट दिसलं तर खूश होऊ नका.

नेहमीचा होम इन्स्पेक्टर पायाखालची माती सांगू शकत नाही. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, आणि भरावाची खात्री करायची तर बोअर घेऊन मातीचा नमुना काढणं हाच मार्ग. पाया खोल करायचं काम एका वेळी साधारण ३ ते ४ फुटांच्या तुकड्यात, आळीपाळीने करतात. एक तुकडा खोदून काँक्रीट भरलं, ते घट्ट झालं की मगच शेजारचा. घाई करून लांबलचक पट्टा एकदम खोदला तर भिंत खाली येते. भराव फार खोल असेल तर नुसता पाया खोल करून भागत नाही, घट्ट थरापर्यंत जाणारे स्क्रूच्या आकाराचे लोखंडी खांब घालावे लागतात. अर्थात परवाना लागतोच.

आता पाणी, कारण खरा खर्च तिथे निघतो. शहराच्या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारात जातं. मोठ्या सरीत गटार तुडुंब भरलं की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं, म्हणजे बेसमेंटच्या मोरीतून. उपाय म्हणजे उलटं येणारं पाणी अडवणारा बॅकवॉटर व्हॉल्व्ह. पण तो बसवल्यावर दोन चुका नेहमी होतात. पहिली, छपराचं पाणी अजून घरातल्याच ड्रेनला जोडलेलं असतं. व्हॉल्व्ह बंद झाला की ते पाणी जाणार कुठे? घरातच. म्हणून आधी छपराचे नळ तोडून पाणी भिंतीपासून किमान ६ फूट दूर सोडा. शहराचा नियमही नळ तोडण्याचाच आहे. दुसरी चूक, धो-धो पाऊस चालू असताना वॉशिंग मशीन लावणं. बंद व्हॉल्व्हमागे तुमचंच पाणी साचून वर येतं. सौदा करण्यापूर्वी घरापासून रस्त्यापर्यंतच्या ड्रेनमध्ये कॅमेरा घालून बघा. जुन्या मातीच्या नळांच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरलेली असतात, आणि भरावावर तर नळाचा उतारच बदललेला असतो.

---

दप्तरखाना

प्रश्न ३. खालच्याच क्रमाने जा. सरळ जमिनीच्या नोंदींपासून सुरुवात करणारे बहुतेक जण अर्ध्यावर सोडून देतात.

नकाशा. चार्ल्स गोड यांच्या कंपनीने आगविम्यासाठी काढलेले नकाशे ऑनलाइन पाहता येतात. १८८४, १८९०, १९०३, १९१० आणि १९२४ ची पानं एकापुढे एक उघडा. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. जुन्या पानावर ओढ्याची रेघ आणि मोकळी जागा दिसते, पुढच्या पानावर तिथेच प्लॉट पडलेले असतात. भरावाचा अंदाज इथेच येतो. पण सावध राहा: नकाशावर रस्ता आखलेला आहे म्हणजे तो प्रत्यक्षात झाला होता असं नाही. आणि गुलाबी रंग म्हणजे विटांचंच घर असंही नाही. लाकडी सांगाड्यावर विटांचा एकपदरी मुलामा असेल तर पिवळ्या चौकोनाला नुसती गुलाबी कड असते. झूम करून बघा.

डिरेक्टरी, म्हणजे शहरात कुठे कोण राहतं याची छापील यादी. माइट्स कंपनीच्या वार्षिक डिरेक्टऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाने डिजिटल केल्या आहेत. नावांचा भाग सोडा, रस्त्यांचा उघडा. घर नक्की होतं अशा एका वर्षापासून मागे मागे जा. घर नाहीसं होईल तिथे थांबा. मध्ये "अपूर्ण घर" किंवा "रिकामं" अशी नोंद मिळाली तर उत्तमच. माहिती आदल्या वर्षी गोळा केलेली असते, म्हणजे १९१२ च्या डिरेक्टरीतलं चित्र १९११ चं. घर क्रमांकावर मात्र विसंबू नका, क्रमांक बदलले आहेत. वर-खाली कुठला आडवा रस्ता छेदतो ते डिरेक्टरीत दिलेलं असतं, त्यावरून जागा पक्की करा. रस्त्याचं नावही तपासा. आजचा डंडास स्ट्रीट आर्थर, सेंट पॅट्रिक, अ‍ॅग्नेस, विल्टन असे वेगवेगळे रस्ते जोडून केलेला आहे, म्हणून तो इतका वाकडा. १९०० च्या डिरेक्टरीत या भागात "डंडास" शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

कर-आकारणीच्या वह्या. या स्पॅडायना रोड २५५ वरच्या शहर अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर आहेत, ड्युपॉन्ट स्टेशनजवळ. मालक, राहणारा, धंदा, धर्म, घरातली माणसं, जमिनीची आणि इमारतीची वेगवेगळी किंमत, सगळं मिळतं. इमारतीची किंमत शून्यावरून एकदम वर गेली की ते बांधकामाचं वर्ष. इथेही आकारणी आदल्या वर्षीची. वही वॉर्डाप्रमाणे लावलेली असते, आणि १८९० च्या दशकात नावांचे वॉर्ड जाऊन क्रमांकांचे आले. त्यामुळे आधी त्या वर्षीच्या वॉर्डांचा नकाशा मागा. आणखी एक खड्डा: शहराची हद्द वाढत गेलेली आहे. यॉर्कव्हिल १८८३, ब्रॉकटन १८८४, पार्कडेल १८८९. त्याआधीच्या नोंदी शहराच्या वहीत नसतातच.

जमिनीची नोंद. प्रांताच्या ऑनलँड या संकेतस्थळावर जुन्या वह्यांची पानं फुकट चाळता येतात. लॉट क्रमांक आणि प्लॅन क्रमांक मात्र हवाच. पत्त्यावरून काही सापडत नाही. ही वही आपल्याकडच्या फेरफार नोंदींसारखी वाचायची: प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यवहार. 'बी अँड एस' म्हणजे विक्री, 'एम' म्हणजे गहाण, 'डी.एम.' म्हणजे गहाण फिटलं. एकाच वर्षात एका माणसाच्या नावावर ओळीने लॉट आणि लागोपाठ गहाणखतं दिसली तर तो बांधकाम करणारा, कर्ज काढून घरांची रांग उभी करणारा. घराचं वय पक्कं करायला हा पुरावा चांगला आहे, पण मालक म्हणजे राहणारा नव्हे, हे विसरू नका.

माणसं. जनगणनेच्या मूळ याद्या ९२ वर्षांनी खुल्या होतात. १९३१ ची २०२३ मध्ये खुली झाली. त्यापुढे डिरेक्टरीच.

फोटो. अभिलेखागारात फोंड्स (म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेला संग्रह) २००, मालिका ३७२ मागा. ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे फोटो. १९११ पासून आर्थर गॉस शहराचा छायाचित्रकार होता. पूल, गटारं, खोदकामं त्याने कामाचा पुरावा म्हणून टिपली, म्हणून त्यांत तारीख आणि जागा सहसा नोंदलेली असते. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो हवे असतील तर फोंड्स १२४४, जेम्स कुटुंबाचा संग्रह.

---

उत्तरकाठ

एक गोष्ट राहून गेली. घळी भरायची ही सवय थांबली का? थांबली, कारण १५ ऑक्टोबर १९५४ ला हेझल चक्रीवादळ. जमीन आधीच्या पावसाने भिजलेली होती, त्यात हंबर नदीला पूर आला. रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरची घरंच्या घरं वाहून गेली, एका रात्रीत पस्तीस माणसं गेली. नदीवरच्या पादचारी पुलाला वाहून आलेला कचरा अडकून प्रवाह वस्तीकडे वळला हेही त्यामागचं एक कारण. ऑन्टारिओत एकूण ८१ मृत्यू. नंतर पूररेषेतली वस्ती उठवून जमिनी सार्वजनिक केल्या, १९५७ मध्ये पाणलोट क्षेत्रासाठी नवं प्राधिकरण आलं. आज हंबर आणि डॉन नद्यांच्या काठाने सलग बागा आहेत त्या त्यामुळे. गॅरिसनचं नशीब तेव्हा आधीच ठरलेलं होतं.

नकाशेबुवांनी चौकोनी रस्त्यांचा उल्लेख केला, तिथे थोडी भर. क्वीनपासून ब्लोरपर्यंत अंतर बरोबर १०० साखळ्या, म्हणजे सव्वा मैल. यॉर्क (टोरांटोचं जुनं नाव) वसवताना या पट्ट्याचे १०० एकरांचे लांबोळके तुकडे पाडून अधिकाऱ्यांना दिले: रुंदी १० साखळ्या, लांबी १००. साखळी ६६ फुटांची. ज्यांना एकराचे ४० गुंठे पाठ आहेत त्यांनी ४,००० गुंठ्यांची एक पट्टी डोळ्यांपुढे आणावी, २०० मीटर रुंद आणि दोन किलोमीटर लांब. पुढे प्रत्येक मालकाने आपली पट्टी आपल्या मनाने पाडली. शेजाऱ्याचे आडवे रस्ते कुठे येतात याची पर्वा केली नाही. म्हणून लहान आडवे रस्ते अजूनही कुठे चुकामूक झाल्यासारखे सरकतात, कुठे थांबतातच. चालताना मुलांना असे सांधे मोजायला लावा.

---

केतकी_टो

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. एकच शंका: ख्रिस्टी पिट्सला १९३३ च्या दंगलीबद्दल मुलांसमोर बोलावं का? स्वस्तिकाचा विषय येतो आणि आजी-आजोबा गोंधळतात.

---

नकाशेबुवा

बोला, टाळू नका. क्रम नीट ठेवला की गोंधळ होत नाही.

हिटलर सत्तेवर येऊन काही महिनेच झाले होते. त्या उन्हाळ्यात टोरांटोच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर काही तरुणांनी नाझी चिन्ह लावून ज्यू लोकांना हुसकावायला सुरुवात केली होती. ऑगस्टमध्ये ख्रिस्टी पिट्सला बेसबॉलचे सामने होते: एका बाजूला हार्बर्ड प्लेग्राउंड, त्यात बहुतेक ज्यू आणि काही इटालियन मुलं, दुसऱ्या बाजूला सेंट पीटर्स. १४ तारखेच्या सामन्यात चिन्ह झळकलं. १६ ऑगस्टला सामना संपताच कुणीतरी ते चिन्ह असलेली चादर उलगडली आणि मारामारी पेटली. आजूबाजूच्या वस्त्यांतून ट्रक भरभरून ज्यू आणि इटालियन तरुण आले. सहा तासांच्या आसपास चाललं, हजारो लोक होते, डोकी फुटली, पण कुणी मेलं नाही. त्यानंतर महापौर विल्यम स्ट्यूअर्ट यांनी ते चिन्ह मिरवणाऱ्यांवर खटले भरू असं बजावलं. बागेत २००८ मध्ये स्मृतिफलक लागला, तिथे उभं राहून सांगा.

गोष्टीच्या आधीच आजी-आजोबांना सांगून टाका की इथे विषय नाझींच्या काळ्या वाकड्या क्रॉसचा आहे, उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचा नाही. गोष्ट अर्ध्यावर असताना हा खुलासा करायला गेलात तर सगळी चर्चा तिकडेच जाते.

---

दप्तरखाना

शॉ स्ट्रीटच्या कुटुंबासाठी एक शेवटचं. मालकाकडे जुना सर्व्हे, म्हणजे प्लॉटचा मोजणी नकाशा, असेल तर लॉट आणि प्लॅन क्रमांक त्यावरच छापलेले असतात. तो फोटो काढून मागवा. सर्व्हे नसेल तर वकील सौद्याच्या वेळी मालमत्तेच्या नऊ आकडी ओळख क्रमांकावरून (पिन) जमिनीचं वर्णन काढतोच, त्यात हे दोन्ही क्रमांक असतात. "लॉट १७ चा काही भाग" असं लिहिलेलं असेल तर मूळ लॉटच्या पानावर इतर तुकड्यांचे व्यवहारही मिसळलेले दिसतील. अशा वेळी प्रत्येक ओळीतली फूट-इंचांची मापं जुळवून आपला तुकडा वेगळा काढावा लागतो.